पुण्यात क्लाऊनफिशची जोडी जमवताना

"जोडी द्या" म्हणून दुकानातून आणलेले दोन क्लाऊनफिश ('निमो' म्हणून ओळखले जाणारे खाऱ्या पाण्यातले मासे) बहुतेकदा जोडी नसतातच. जाळीत एकत्र आले म्हणून एका पिशवीत बांधलेले, साधारण एकाच मापाचे ते दोन मासे असतात. त्यातला नर कोण आणि मादी कोण हे दुकानदाराला सांगता येत नाही, कारण ते अजून ठरलेलंच नसतं.

क्लाऊनफिशची सगळी पिल्लं नर म्हणूनच मोठी होऊ लागतात. घोळक्यातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांवर जरब बसवणारा मासा मादी होतो. त्याच्या खालोखालचा तिचा नर बनतो. उरलेले लहानच राहतात आणि वरची जागा रिकामी व्हायची वाट बघतात. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि खालचा एक जण नर. हा प्रवास एकाच दिशेचा आहे: मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एका टाकीत सोडल्या तर त्यातली एक मरेपर्यंत भांडण थांबत नाही. जोडी जमवण्याची पुढची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

कुठला क्लाऊन घ्यावा

'निमो' मागितल्यावर जो नारिंगी-पांढरा मासा मिळतो तो बहुधा ऑसेलारिस असतो. त्याच्याशी थेट मिळताजुळता दुसरा म्हणजे परक्युला. पाठीवरच्या पराचे काटे मोजले तर ऑसेलारिसला सहसा ११ आणि परक्युलाला १० भरतात, पण पोहणाऱ्या माशाचे काटे मोजणार कसे? त्यापेक्षा कडा बघा. परक्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना जाड काळी किनार असते, ऑसेलारिसची किनार रेघेएवढी बारीक. दोघांचाही स्वभाव मवाळ. पहिल्यांदा खाऱ्या पाण्याची टाकी करणाऱ्याने या दोघांतलाच एक घ्यावा.

मरून क्लाऊन देखणा असतो, पण त्याची मादी १५ सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि टाकीतल्या बाकी माशांना जगू देत नाही. टोमॅटो आणि क्लार्की या जातींचे क्लाऊन थोडे कमी, तरी तापटच. दोन वेगवेगळ्या जातींची जोडी लावायच्या फंदात पडू नका.

मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेला, की समुद्रातून पकडलेला, हे नक्की विचारा. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून गोळी खातो, काचेला घाबरत नाही आणि बरोबर रोगही कमी आणतो. समुद्रातून आलेला मासा उपाशी, थकलेला आणि बरेचदा परजीवी घेऊन येतो. क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचं तंत्र बसवलेलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. त्यामुळे हॅचरीचाच मासा हवा असा आग्रह धरता येतो. स्नोफ्लेकसारखे वेड्यावाकड्या पट्ट्यांचे प्रकार तर हॅचरीतच तयार होतात.

टाकी आणि पाणी

एका जोडीला अडीच फूट लांब, सवा फूट रुंद, सवा फूट उंच टाकी पुरते. काठोकाठ भरली तर ही ११० लिटरची होते. वर चार बोटं मोकळी सोडून आणि दगड-वाळूची जागा वजा करून प्रत्यक्षात ८५ लिटर पाणी बसतं. पुढचे सगळे आकडे या ८५ लिटरचे आहेत. काच ८ मिलिमीटरची घ्या. दगड, वाळू, पाणी, काच मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीच्या पोकळ प्लायवूड टेबलावर ही टाकी ठेवू नका. लोखंडी स्टँड हवा, त्याला गंजरोधक रंग हवा, आणि काचेखाली थर्माकोलचा किंवा योगा मॅटचा सपाट थर हवा.

तळाला अ‍ॅरागोनाइट वाळूचा एक इंचाचा थर द्या, साधारण १० किलो लागते. नदीची वाळू नको. दगड १० किलोच्या आसपास, कोरडे आणि सच्छिद्र, सिरॅमिकचे मिळाले तर उत्तम. समुद्रातून आलेला 'लाइव्ह रॉक' म्हणून जे विकतात ते बहुतेक प्रवाळाचे सांगाडे असतात. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कोकणातल्या किनाऱ्यावरून पिशवीत घालून आणलेला दगडही टाकीत घालू नये.

पाणी हलतं ठेवायला ताशी १५०० ते २००० लिटरचा एक वेव्हमेकर, काचेला अडकवायचा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), १०० वॉटचा हीटर आणि वर जाळी. क्लाऊनफिश तसा आळशी पोहणारा, पण घाबरला की उडी मारतो. टाकीच्या एका टोकाला प्रवाह मंद असलेला कोपरा मुद्दाम राखा, जोडी तिथेच झोपेल आणि पुढे अंडीही तिथेच घालेल.

आता पाणी. महापालिकेचं खडकवासल्याकडून येणारं पाणी मऊ असतं, तरी त्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात गढूळपणाही. वाघोली, उंड्री, वाकडच्या बाजूच्या ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात तिथलं पाणी जड असतं. दोन्हीकडे आरओ लागतो. घरातल्या आरओचं पाणी थेट वापरण्याआधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर लावून बघा, ४० ते ८० आकडा दिसेल. पाण्याला चव यावी म्हणून या मशीनमध्ये थोडं कच्चं पाणी मिसळणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो सर्व्हिसवाल्याकडून पूर्ण बंद करून घ्या. त्यानंतरही उरलेले क्षार काढायला पुढे डीआय रेझिनची एक नळी जोडा आणि टीडीएस शून्यावर आणा. हे न करता जे मीठ घालतात, त्यांच्या काचेवर दोन महिन्यांत तपकिरी आणि मग हिरवं शेवाळ चढतं. औषधाने ते जात नाही, कारण त्याचं खत नळातूनच येत असतं.

मीठ म्हणजे मत्स्यालयासाठी बनवलेलं सागरी मीठ. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट योग्य प्रमाणात असतात, स्वयंपाकाच्या किंवा मिठागराच्या मिठात नसतात. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम धरा, म्हणजे पहिल्या भरण्याला सव्वातीन किलोच्या आसपास. आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो आणि परत विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्या. बादली प्लॅस्टिकची. तांब्याचं किंवा पितळेचं भांडं या कामाला कधीही वापरू नका. त्यातून सुटणारं किंचितसं तांबंही गोगलगायी, कोळंबी आणि समुद्रफुलं (सी अॅनिमोन, ज्यांच्यात निसर्गातले क्लाऊनफिश राहतात) मारायला पुरेसं असतं.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून बरोबर आहे असं समजू नका, वरच्या आकड्याला तो चुकू शकतो. त्याची परीक्षा घरी करता येते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ३६.५ ग्रॅम बारीक मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी मोजून एका बाटलीत विरघळवा. या द्रावणाचे दोन थेंब काचेवर टाका, झाकण पाडा, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून बघा. निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ वर यायला हवी. नसेल तर वरचा स्क्रू फिरवून तिथे आणा. बाटलीचं बूच घट्ट असेल तर हे द्रावण काही महिने कामी येतं.

मासे आणायची घाई इथेच आवरायची आहे. माशाच्या मूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करेपर्यंत टाकी माशांसाठी विषारीच असते. जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड घाला. हा म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा घेऊ नका, त्यात काय मिसळलं आहे ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. ८५ लिटरला अर्धा ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) जवळ जातो. बाटलीतले जिवाणू बरोबर घातले तर काम लवकर होतं, नाहीतर चार ते सहा आठवडे. कसोटी एकच: अर्धा ग्रॅम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. त्यानंतर अर्धं पाणी बदला, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा. पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) ८ ते ११ डीकेएच. दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे ८-९ लिटर पाणी बदलत राहिलात तर नुसत्या माशांच्या टाकीत आणखी काही घालावं लागत नाही.

उन्हाळा, थंडी आणि गुरुवार

क्लाऊनफिशला २५ ते २७ अंश हवे. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या घरात पाणी ३१-३२ वर सहज जातं. पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, याचा फायदा घ्या. संगणकात असतात तसे १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय निम्मासुद्धा लागू पडत नाही. मासे दोनच असतील तर महागडा चिलर घेण्याआधी एक उन्हाळा पंख्यांवर काढून बघायला हरकत नाही. बाटलीत गोठवलेला बर्फ टाकीत सोडू नका, तापमान तासाभरात खाली-वर होतं आणि त्याने मासा जास्त आजारी पडतो.

पण पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दिवसाला दोन लिटर उडाले आणि चार दिवस गावाला गेलात, तर ८५ लिटरचे ७७ होतात आणि क्षारता ३५ वरून साडेअडतीसवर जाते. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच घालायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. फ्लोट लावलेला ऑटो टॉप-अप बसवला तर ही चिंता मिटते. त्याच्या टाकीत पाणी मात्र आठवड्यापुरतंच ठेवा, म्हणजे फ्लोट अडकला तरी टाकी गोडी होणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा हीटर लागतो. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बरेचदा चालू स्थितीत अडकून बिघडतो, म्हणून बाहेरून वेगळा कंट्रोलर लावून २५.५ वर ठेवा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज नाहीतर पाणी बंद असण्याची पुणेकरांना सवय आहे. टाकीला ती नाही. वीज गेली की पाणी थांबतं आणि प्राणवायू संपू लागतो, उन्हाळ्यात तर आणखी लवकर, कारण गरम पाण्यात तो मुळात कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर घ्या, तो जेमतेम दहा वॉट खातो. हीटर घेऊ नका. आणि बुधवारी रात्री पाणी बदलायला दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

मासे घरी आल्यावर

थेट मुख्य टाकीत सोडायचे नाहीत. ४० लिटरची रिकामी टाकी, तिच्यात आधी मुख्य टाकीत महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. चार आठवडे मासे या विलगीकरणाच्या टाकीत राहतील.

दुकानातलं पाणी बरेचदा १.०२० किंवा १.०२१ चं असतं. पिशवीची क्षारता मोजा आणि विलगीकरणाची टाकी त्याच आकड्यावर आणून ठेवा. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान सारखं करा आणि मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी आत ओतू नका. नंतर क्षारता दिवसाला ०.००१ ते ०.००२ अशी वाढवा. मुंबईहून किंवा चेन्नईहून तासन् तास प्रवास केलेल्या पिशवीत नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत बसणं घातक ठरतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो.

पहिल्या आठवड्यात श्वास आणि कातडी बघत राहा. क्लाऊनफिशचा खास शत्रू म्हणजे ब्रुकलिनेला हा परजीवी. अंगावर पांढरट चिकट थर, कातडी सोलल्यासारखी, कल्ले भराभर हलणं, अन्न बंद, आणि दोन-तीन दिवसांत शेवट. याला तांब्याचं औषध लागू पडत नाही, आणि इथेच बहुतेक मासे चुकीच्या औषधाने हातचे जातात. यावर फॉर्मॅलिनची आंघोळ. ३७ टक्क्यांचं फॉर्मॅलिन, लिटरला ०.१५ मिलिलिटर, वेगळ्या बादलीत, जोरदार हवा सोडून, अर्धा ते पाऊण तास, आणि मासा कलंडू लागला तर लगेच बाहेर. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, लहान मुलांना लांब ठेवा, कारण हे द्रव्य माणसालाही घातक आहे. बाटलीत पांढरा साका दिसला तर ते वापरू नका. फॉर्मॅलिन आणेपर्यंत तात्पुरता आराम म्हणून त्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवता येतं.

मिठाच्या दाण्यांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो सागरी इक. त्याला तांबं चालतं. चिलेटेड प्रकाराचं असेल तर २ ते २.५ पीपीएम, ३० दिवस, रोज किटने मोजून, आणि फक्त विलगीकरणाच्या टाकीत. रोग मुख्य टाकीत शिरलाच असेल तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी अकरा आठवडे रिकामी चालवावी लागते. चार आठवड्यांचं विलगीकरण त्यापुढे काहीच नाही.

खाणं दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बारीक गोळी, गोठवलेली मायसिस, आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव). गणेश पेठेतल्या बाजारातून आणलेली ताजी कोळंबी आणि माकुल सोलून, मीठ-हळद न लावता, बारीक चिरून, पातळ थरात गोठवून ठेवली तर महिनाभर पुरते. देताना चाळणीत धुऊन द्या, ते गढूळ पाणी टाकीत गेलं की नायट्रेट वाढतं. बांगड्यासारखा तेलकट मासा नको.

जोडी जमवणं

सगळ्यांत खात्रीची रीत म्हणजे दोन पिल्लं एकाच दिवशी आणणं, एक स्पष्ट मोठं आणि एक स्पष्ट लहान. मोठं चार सेंटीमीटरचं असेल तर लहान अडीचचं. मापात हा फरक असला की कोण वरचढ हे पहिल्या तासातच ठरतं आणि रक्तपात होत नाही. दोन्ही सारखी असतील तर ते भांडून ठरवतात. पिल्लं लहान असताना हे निभावतं, पण सहा-सात सेंटीमीटरचे दोन सारखे मासे आणू नका, दोन्ही माद्या असण्याची शक्यता फार मोठी.

दुकानात घाई करू नका. पिल्लांच्या टाकीपुढे पंधरा मिनिटं उभं राहा. सगळ्यांना हुसकावणारं एक मोठं पिल्लू दिसेल. ते जवळ आलं की काही पिल्लं पळतात, आणि एखादं न पळता कुशीवर कलतं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतं. ही थरथर म्हणजे "तू मोठी, मी लहान" अशी कबुली. मोठं पिल्लू ते बघून चावत नाही, शेजारून निघून जातं. ती दोघं उचला.

विलगीकरणाची रिकामी टाकी जोडीसाठी चांगली, कारण तिथे दोघंही पाहुणे असतात, कोणाचंच घर नसतं. पहिले काही दिवस पाठलाग होईल, शेपटीची कड जराशी कुरतडली जाईल, तेवढं चालतं. लहान मासा थरथरून दाखवतो आहे आणि खातो आहे, तोवर मध्ये पडू नका. उलट तो वरच्या कोपऱ्यात पाण्याला चिकटून किंवा हीटरच्या मागे दडून बसला, खायला बाहेर येईना, पर चिंध्यांसारखे झाले, तर त्याच दिवशी वेगळे करा. दोघांनी एकमेकांचे जबडे धरून गरगर फिरणं हेही वाईट लक्षण, तिथे कोणीच माघार घेत नाही. खाणं टाकीच्या दोन टोकांना टाकलं तर लहानाच्या वाट्याला नीट येतं.

घरात आधीपासून एक मोठा क्लाऊन एकटा असेल तर तो मादी आहे असंच धरून चला, आणि तिच्या निम्म्याहून लहान पिल्लू आणा. इथे बरेच जण पिल्लाला डब्यात ठेवून मादीला मोकळी सोडतात. उलट करा. मादीला भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या खोल चाळणीत ठेवा आणि पिल्लाला टाकीभर हिंडू द्या. त्याला लपायच्या जागा कळतात, आणि टाकी आपली एकटीची आहे हा मादीचा समज ढिला पडतो. सात ते दहा दिवस असं ठेवा. ती जाळीवर धडका मारायची थांबली आणि पिल्लू डब्यापाशी जाऊन थरथरू लागलं की दोन-तीन दगडांच्या जागा बदला आणि दिवे मालवल्यावर तिला सोडा. सकाळी पहिलं काम म्हणजे पिल्लाचे पर बघणं. गडबड दिसली तर मादी आणखी एक आठवडा डब्यात.

पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवून त्यातून जोडी निवडायचीही रीत आहे. ती चालते, पण जोडी ठरल्यावर उरलेल्यांना वेळेवर दुसरं घर मिळवून द्यावं लागतं. ती सोय आधी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. तीन मासे कायमचे एकत्र राहतील अशी आशा करू नये, तिसरा कधीतरी मारला जातो.

जोडी जमली हे रात्री कळतं. दिवे गेल्यावर दोघं एकाच कोपऱ्यात एकमेकांना चिकटून झोपू लागले की काम झालं. कधी दोन दिवसांत होतं, कधी दोन महिने लागतात. नंतर मादी झपाट्याने वाढते आणि नर मागे राहतो, हे बरोबरच आहे, नराला जास्त खायला घालून मापाला आणायचा प्रयत्न करू नका.

समुद्रफूल हवंच का

नाही. हॅचरीतल्या माशांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच्याशिवाय वाढल्या आहेत. ते मातीच्या कुंडीला, वेव्हमेकरच्या मागच्या कोपऱ्यालाही घर मानतात. समुद्रफुलाला जोरदार दिवे आणि किमान सहा महिने स्थिरावलेली टाकी लागते. नव्या टाकीत ते जागा शोधत चालत सुटतं, वेव्हमेकरमध्ये अडकून चिरडलं जातं आणि एका रात्रीत सगळं पाणी नासवतं. एक वर्ष टाकी नीट चालली तर बबल टिप जातीच्या समुद्रफुलाचा विचार करा आणि वेव्हमेकरला आधी स्पंजचं आवरण घाला. एक लक्षात असू द्या: ऑसेलारिस निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही, तुमच्या टाकीत राहील किंवा ढुंकूनही बघणार नाही.

अंडी

साधारण दीड वर्षाची जोडी झाली, खाणं चांगलं आणि पाणी २६-२७ अंशांवर स्थिर असलं, की अंड्यांची वेळ येते. त्याआधी झोपायच्या कोपऱ्यात एक जागा करून द्या. कुंभारवाड्यातली वीतभर कुंडी आडवी ठेवली तर उत्तम, पण गेरू लावलेली नको. न रंगवलेली घ्या, ब्रशने घासा आणि आठवडाभर आरओच्या पाण्यात भिजवून ठेवा, पाणी रोज बदलत.

दोघं मिळून तोंडाने ती जागा खरवडू लागली, मादीचं पोट गोल दिसू लागलं आणि पोटाखाली लहानशी पांढरट नळी बाहेर आली, की एक-दोन दिवसांचाच अवकाश. दुपारी किंवा संध्याकाळी मादी जागेवरून पोट घासत ओळीने अंडी लावत जाते, नर मागोमाग फळवत जातो. पहिल्या वेळी शंभर-दीडशे, पुढे चारशेपर्यंत. पहिल्या दिवशी गर्द नारिंगी, मग तपकिरी, आणि शेवटी प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळ्यांची जोडी चमकताना साध्या डोळ्यांनी दिसते. नर दिवसभर परांनी वारा घालतो, मेलेली पांढरी अंडी खाऊन टाकतो. या दिवसांत टाकीत हात घातला तर मादी चावते.

पहिली एक-दोन वेळची अंडी जोडी स्वतःच खाते. ते तसंच होऊ द्या. जोडी शिकत असते, आणि तुम्हालाही तयारीला वेळ मिळतो. जोडी स्थिरावली की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी येतात.

पिल्लं वाढवायची असतील तर अंड्यांच्या आधी दोन आठवडे रोटिफर पाळायला घ्यावे लागतात. नॅनोक्लोरोप्सिस शेवाळावर वाढणारे हे सूक्ष्म जीव पिल्लांचं पहिलं अन्न, त्याला पर्याय नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊन गोड्या पाण्यातली पिल्लं जगतात, ही जगत नाहीत. २६-२७ अंशांवर आठव्या दिवसाच्या आसपास, दिवे गेल्यानंतरच्या दोन तासांत अंडी फुटतात. डोळे चंदेरी झालेल्या दिवशी संध्याकाळी कुंडी पाण्यातल्या पाण्यात बादलीत घेऊन २५ लिटरच्या, बाहेरून काळा कागद लावलेल्या टाकीत न्या. टाकीत मुख्य टाकीचंच पाणी असावं, अंड्यांच्या अगदी बाजूने बुडबुड्यांची बारीक रेघ जावी, आणि खोलीत अंधार असावा. सकाळी मिलिलिटरला दहा रोटिफर होतील इतके घाला, पाणी फिकट हिरवं राहील एवढं शेवाळ घाला, आणि दिवा मंद ठेवा. सहाव्या-सातव्या दिवसापासून नुकती फुटलेली आर्टेमिया. दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पिल्लं तळाकडे येतात आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. या दोन आठवड्यांत अमोनिया रोज मोजायचा आणि तळ नळीने रोज उपसायचा.

क्लाऊनफिश घरच्या टाकीत पंधरा-वीस वर्षंही जगतो, त्यामुळे कधीतरी जोडीतला एक जण आधी जाणार. नर गेला तर मादीला वर सांगितल्याप्रमाणे डब्यात ठेवून निम्म्याहून लहान पिल्लू आणा. मादी गेली तर उरलेला नर काही महिन्यांत मादी होऊ लागतो. त्याच्यासाठी 'मादी' म्हणून मोठा मासा शोधत फिरू नका, त्याच्याहून लहान पिल्लूच आणा, आणि शक्यतो पहिल्या महिन्याभरात, तो टाकीचा एकटा मालक होऊन बसण्याआधी.